वारली प्रिंट हवी, वारली माणूस नको?

फेस्टचा बॅकड्रॉप? वारली. ट्रॅडिशनल डेचा कुर्ता? वारली प्रिंट. टोट बॅग, मोबाइल कव्हर, कॅफेची भिंत... त्रिकोणी अंगाची ती काटकुळी माणसं फेर धरून नाचताना आपल्याला सगळीकडे दिसतात. पावसाळा लागला की त्यात जव्हारच्या ट्रिपची भर. दाभोसाचा धबधबा, वाटेत वडापाव, एखाद्या पाड्यावरची रंगवलेली भिंत आणि तिच्यासमोर रील. झालं 'ट्रायबल कल्चर' बघून!

फिरायला जाण्यात काहीच वाईट नाही. प्रश्न एवढाच, की आपण तिथं पाहुणे म्हणून जातो की गिऱ्हाईक म्हणून?

हा प्रश्न फक्त आपल्यापुरता नाही. दक्षिण अमेरिकेत कोलंबियाच्या उत्तर किनाऱ्यावर रिओहाचा नावाचं शहर आहे. समोर कॅरेबियन समुद्र, पाठीशी ला ग्वाहिराचं वाळवंट. हा मुलूख वायू आदिवासींचा (नाव ओळखीचं वाटलं, तरी आपल्या वायूशी त्याचा संबंध नाही!). त्यांच्यात कूळ आईकडून चालतं. मुलगी वयात आली की काही काळ घरात वेगळी राहते आणि त्या काळात घरातल्या बायका तिला विणकाम शिकवतात. त्यातूनच येते 'मोचिला', रंगीत नक्षीची खांद्यावरची पिशवी. रिओहाचात समुद्राकाठच्या रस्त्यावर वायू बायका स्वतः या पिशव्या मांडून बसतात. म्हणजे वस्तूसोबत ती करणारी माणसंही पर्यटकाला भेटतात.

पण त्याच ग्वाहिरात आत गेलं, की वाळवंटी वाटेवर लहान मुलं दोरी आडवी धरून पर्यटकांच्या जीप थांबवतात आणि पाणी, बिस्किटं मागतात. याच प्रांतात सेरेहोन ही जगातल्या मोठ्या खुल्या कोळसा खाणींपैकी एक खाण आहे. जमिनीखाली एवढी संपत्ती, आणि वर मुलं तहानलेली. वायू मुलांचे पाणी, अन्न आणि आरोग्याचे हक्क डावलले जातायत, हे कोलंबियाच्या घटनात्मक न्यायालयाला २०१७ मध्ये निकालात सांगावं लागलं.

ओळखीचं वाटतंय? वाटायलाच हवं. वसई-विरारच्या नळांना सूर्या प्रकल्पाचं पाणी येतं, ते आपल्याच जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यातल्या धामणी धरणातून. मोखाड्यातल्या मध्य वैतरणा धरणाचं पाणी मुंबईला जातं आणि त्याच मोखाड्यातल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. आपण ट्रिप पावसाळ्यात काढतो, म्हणून हे फ्रेममध्ये येत नाही इतकंच.

मुळात वारली चित्र 'डिझाइन' म्हणून जन्माला आलेलंच नाही. लग्नघरात सारवलेल्या, गेरूने रंगवलेल्या भिंतीवर सवाष्णी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्या चौकात पालघाट देवी असते. तो लग्नाच्या विधीचा भाग आहे, सजावटीचा नाही. १९७० च्या दशकात ही चित्रं भिंतीवरून कागदावर आली आणि डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही आहे. तरी दुकानातलं छापील कुशन कव्हर उचलताना आपल्यापैकी किती जण विचारतात, की हे काढलं कुणी?

कुणी म्हणेल, 'अरे, आपण गेलो तर त्यांना चार पैसे मिळतात ना!' मिळतात, पण ते त्या हातापर्यंत पोचले तर. त्यासाठी फार काही करावं लागत नाही. चित्र घ्यायचं तर काढणाऱ्याकडून घ्या, त्याचं नाव विचारा. मॉलमध्ये मुकाट्याने कार्ड स्वाइप करणाऱ्यांनी पाड्यावर जाऊन घासाघीस करू नये. घराचा, माणसांचा फोटो काढण्याआधी विचारा. नाही म्हणाले तर मोबाइल खिशात. पाड्यावर कुणाकडे जेवणाची सोय होत असेल, तर हॉटेल शोधण्यापेक्षा तिथंच जेवण सांगा.

आणि आता सगळ्यात जवळची गोष्ट. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल धावतेय. त्या लोकलने पालघर, डहाणूकडची कितीतरी मुलं-मुली इकडच्या कॉलेजांत शिकायला येतात. खुद्द वसईतही तुंगारेश्वरच्या पायथ्याला पाडे आहेत. यातल्या कुणी वर्गात तोंड उघडलं, की मागून त्याच्या बोलीची नक्कल होते. ॲडमिशनच्या वेळी 'तुझं काय, तुला सवलत आहे' असा टोमणा बसतो. आणि टोमणे मारणारा तोच ग्रुप डेजमध्ये वारली कुर्ते घालून स्टेजवर तारपा नाच करतो. माणसाच्या भाषेला हसायचं आणि त्याचं चित्र छातीवर मिरवायचं, हे दोन्ही एकदम नाही चालत, बॉस!

तेव्हा जव्हारला जरूर जा, डहाणूला जा. पण त्याआधी शेवटच्या बाकावरच्या त्या मित्राशी, मैत्रिणीशी नीट बोला. ओळख वाढली, तर एक दिवस विचारा, 'तुमच्या गावाला येऊ का?' होकार आला तर जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. पाहुण्याची रीत असते ती.