चिलमीतील समाधी

महाशिवरात्रीला आमच्या चाकूर भागातून परळी वैजनाथाच्या दर्शनास जाणाऱ्यांत विद्यार्थीही असतात. कोणत्याही मोठ्या यात्रेत एखाद्या बैराग्याची चिलीम ‘शंकराचा प्रसाद’ म्हणून तरुणांपुढे यावी, यात नवल उरलेले नाही. १९८५ च्या कायद्याने गांजा बाळगणे व ओढणे हा गुन्हा आहे. परंतु कायदा धाक घालतो. तरुणाच्या मनातील प्रश्नाला उत्तर देत नाही. अमली द्रव्याने येणारा अनुभव आध्यात्मिक असतो काय, हा तो प्रश्न होय.

त्याची थट्टा करून भागणार नाही. १९६२ च्या गुड फ्रायडेला बोस्टन विद्यापीठाच्या प्रार्थनामंदिरात वॉल्टर पान्के यांनी धर्मशास्त्राच्या २० विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. निम्म्यांना विशिष्ट अळंब्यांत आढळणारे सायलोसायबिन दिले. त्यांपैकी बहुतेकांना गूढ एकात्मतेचा प्रत्यय आला. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणीतही, भेटलेल्या त्या विद्यार्थ्यांनी तो अनुभव खराच मानला. मात्र त्याच तपासणीत उघड झाले की, एक विद्यार्थी इतका बेभान झाला होता की त्याला शामक औषध टोचावे लागले. मूळ अहवालात त्याचा उल्लेखच नव्हता.

या वादात महाराष्ट्राच्या भूमीतूनही एक निःसंदिग्ध उत्तर दिले गेले, आणि तेही १९२५ पासून मौन पाळणाऱ्या पुरुषाकडून. अहमदनगरजवळच्या (आताचे अहिल्यानगर) मेहेरबाबांकडे अमेरिकन तरुण एलएसडीविषयी पृच्छा करीत. हार्वर्डमधून १९६३ साली काढून टाकलेले अध्यापक रिचर्ड अल्पर्ट हेही त्यांत होते. १९६६ च्या ‘गॉड इन अ पिल?’ या पुस्तिकेत बाबांची भूमिका आली. वैद्याने उपचारासाठी दिलेल्या औषधाला त्यांची हरकत नव्हती. पण अशा द्रव्यांचा अनुभव वरवरचा असून तो साधकाला सत्यापासून दूर नेतो, असे त्यांचे मत होते.

मेहेरबाबांना मानणे न मानणे हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. विचार करण्याजोगा मुद्दा निराळाच आहे. तुळशीची माळ घालणारा वारकरी आधी मद्यमांस सोडतो, मग पंढरीची वाट चालतो. वाटेत त्याला काय दिसले, हे कोणी विचारीत नाही. घरी परतल्यावर तो कसा वागतो, हे सारे गाव पाहते. आपल्या परंपरेत आचरण आधी आणि अनुभव नंतर. चिलीम हा क्रम उलटा करते: पेरणीआधीच रास मागते.

शैव साधूंत गांजाची चाल जुनी आहे, असा प्रतिवाद होईल. ती जुनी आहेच. पण बैराग्याने घरदार सोडलेले असते. विद्यार्थी त्याची फक्त चिलीम उचलतो. त्यागावाचून घेतलेला तो धूर आहे. नशेतला प्रत्यय खरा की भासमान, हा वाद तत्त्वज्ञांनी खुशाल चालवावा. आपल्यापुरती कसोटी दुसऱ्या दिवशीच्या सकाळची: राग, लोभ, आळस यांपैकी काय कमी झाले?

शिक्षकांनी हा विषय महाशिवरात्रीपूर्वी वर्गात मोकळेपणाने काढावा. आपण गप्प राहिलो, तर तरुणांना या प्रश्नाचे उत्तर चिलीम ओढणारेच देतील.