शेजाऱ्याकडे पाहण्याची नजर

५ ऑगस्ट २०२४ रोजी शेख हसीना ढाका सोडून भारतात आल्या. तेव्हापासून आपल्याकडच्या चर्चेत एक प्रश्न सतत विचारला जातो: बांगलादेश आता चीनकडे झुकणार की पाकिस्तानकडे? परराष्ट्र धोरणाच्या अभ्यासकाला हा प्रश्न पडणे साहजिक आहे. पण तो तिथेच थांबला, तर त्याला सरकारे दिसतात, माणसे दिसत नाहीत.

त्या उठावाचे मूळ बेकारीत होते. स्वातंत्र्यसैनिकांच्या वारसांसाठी सरकारी नोकऱ्यांत ३० टक्के जागा राखीव असत. २०१८ च्या आंदोलनानंतर रद्द झालेली ही तरतूद जून २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या निकालाने परत आली आणि विद्यार्थी रस्त्यावर उतरले. २१ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने हा वाटा ५ टक्क्यांवर आणला. पण तोवर गोळीबारात अनेकांचे जीव गेले होते आणि मागणी सरकारच्या राजीनाम्याकडे वळू लागली होती. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाच्या अंदाजानुसार १ जुलै ते १५ ऑगस्ट या काळात सुमारे १,४०० जण मारले गेले असावेत.

हसीना गेल्यावर हिंदूंची घरे, दुकाने आणि मंदिरे यांवर हल्ले झाले. त्याच दिवसांत मुस्लिम तरुणांनी काही मंदिरांबाहेर रात्रभर पहारेही दिले. आपल्याकडे मात्र कुणी फक्त हल्ले सांगितले, कुणी फक्त पहारे. जुने आणि भलत्याच ठिकाणचे व्हिडिओ तर दोन्ही बाजूंना फिरत होते.

सॉफ्टवेअरच्या कामात बिघाड झाला की आम्ही आधी नोंदी वाचतो, दोष कुणाचा ते नंतर ठरवतो. उलट केले तर बिघाड तसाच राहतो. शेजारी देशाचा अभ्यासही असाच हवा. त्यासाठी तिथली भाषा शिकावी लागते, तिथली वर्तमानपत्रे वाचावी लागतात. स्वातंत्र्याला पाच महिने उरले असताना, मार्च १९४७ मध्ये, दिल्लीत आशियाई संबंध परिषद भरली होती. आशियातल्या देशांनी एकमेकांना थेट ओळखावे, हा तिचा एक हेतू होता. आज आपल्यापैकी कितीजण बांगला वृत्तपत्र वाचू शकतात?

हा प्रश्न केवळ अभ्यासकांचा नाही. ढाक्यात मंदिर फुटले की इथल्या मुसलमानाला जाब विचारला जातो. इथे मशिदीवर दगड पडला की तिथल्या हिंदूला. हा जाब अन्यायाचा आहे, हे ठामपणे म्हणायलाच हवे. पण तिथल्या हिंदूंवरच्या हल्ल्याचा निषेध आपण कुणी विचारण्याआधी, आपणहून आणि 'पण' न जोडता करायला हवा. आपल्या नागरिकत्वासाठी जी मोजपट्टी आपण मागतो, तीच बांगलादेशातल्या हिंदूलाही लागू असली पाहिजे. तिथली बातमी पुढच्या वेळी येईल, तेव्हा पुढे पाठवण्याआधी ती कुठली आणि कधीची आहे, एवढे तरी तपासू या.