आठवणींची उलटतपासणी

“आमच्या वेळी असे नव्हते,” हे वाक्य दिवसातून एकदाही कानी पडत नाही असे घर गिरगावात, दादरला, परळला वा लालबागेत शोधून सापडणे कठीण आहे. वयाची साठी उलटली की मनुष्याचे मन मागे पाहू लागते. भाजी महागली की त्यास जुनी स्वस्ताई आठवते; शेजाऱ्याने दार लोटून घेतले की चाळीचा शेजार आठवतो; नातवाने उलट उत्तर दिले की वडिलांसमोर ब्र काढण्याची आपली छाती नव्हती, हे आठवते. तरुण मंडळी हे ऐकून हसतात, किंवा काहीतरी निमित्त काढून उठून जातात. म्हाताऱ्यांस वाटते की जग बिघडले. तरुणांस वाटते की म्हाताऱ्यांची बुद्धी बिघडली. आमच्या मते या दोहोंपैकी कोणाचाही निकाल पुराव्यास धरून नाही. हा वाद गप्पांपुरता असता तर आम्ही त्यात पडलोही नसतो. परंतु सांप्रत मुंबईतील हजारो कुटुंबांच्या राहत्या घरांचा प्रश्न त्याच्याशी निगडित झाला आहे.

२०२५ च्या ऑगस्ट महिन्यात वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील ५५६ कुटुंबांस नव्या उंच इमारतींतील घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १९२० साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, शिवडी व डिलाईल रोड, म्हणजे हल्लीचा ना. म. जोशी मार्ग, येथे अशा एकंदर २०७ चाळी बांधल्या. खोली १६० चौरस फुटांची आणि शौचकूप सामाईक. नवे घर ५०० चौरस फुटांचे, व त्यात स्वतःचे न्हाणीघर. हिशेबाने पाहता यातून आनंदाखेरीज दुसरे काही निघू नये. तथापि असे स्थलांतर जेथे जेथे होते तेथे नातू भिंतींचे रंग निवडीत असतो आणि आजोबा जुन्या उंबरठ्याशी बसून असतात. गिरगावच्या वाड्यांत व लालबाग-परळच्या जुन्या इमारतींत तर याहून अवघड प्रसंग येतो. पुनर्विकासाच्या संमतिपत्रावर सही करा असे मुलगा म्हणतो, आणि बाप म्हणतो, “मला येथेच मरू द्या.” या बापास काय उत्तर द्यावे?

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, ही ओढ ढोंग नव्हे आणि वेडही नव्हे. १६८८ साली योहानेस होफर नावाच्या तरुण वैद्याने घरापासून दूर पडलेल्या स्विस लोकांच्या व्याकुळतेवर प्रबंध लिहून तिला ‘नोस्टॅल्जिया’ हे नाव दिले, तेव्हा त्याने तो एक रोग मानला होता. अर्वाचीन मानसशास्त्र तिला रोग मानीत नाही. मध्यम वय ओलांडलेल्या माणसांस आयुष्यातील आठवणी सांगावयास लावले असता दहाव्या ते तिसाव्या वर्षांच्या दरम्यानच्या आठवणी प्रमाणाबाहेर अधिक निघतात, असे या विषयाच्या अभ्यासकांस वारंवार आढळून आले आहे. पहिली नोकरी, पहिला पगार, लग्न, पहिले मूल हे सारे बहुधा याच वयात घडते, आणि पहिल्या गोष्टीचा ठसा पुढल्या शंभर गोष्टींनी पुसला जात नाही. दुसरे असे की, दुःखद प्रसंगाची धार सुखद प्रसंगाच्या गोडीपेक्षा लवकर बोथट होते. आमच्या व्यापारी वाचकांच्या भाषेत सांगावयाचे तर मन हा असा मुनीम आहे की, तो जमेची बाजू पक्क्या शाईने लिहितो आणि नावेची बाजू पुसट होऊ देतो. अशा खतावणीचा ताळेबंद नेहमी नफाच दाखविणार! तिसरे कारण रॉबर्ट बटलर या अमेरिकन वैद्याने १९६३ साली मांडले. आयुष्याचा शेवट दृष्टिपथात आला म्हणजे मनुष्य गेलेल्या सबंध आयुष्याची उजळणी करू लागतो, व ही उजळणी चळ नसून उतारवयाचे एक स्वाभाविक कार्य आहे, असे त्याचे प्रतिपादन होते.

तात्पर्य, “आमच्या वेळी” या शब्दांत “वेळी” या शब्दापेक्षा “आमच्या” या शब्दाचे वजन अधिक आहे. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची धावली, दादर टी. टी. या नावात तिची खूण तेवढी उरली. त्या दिवशी जो दहा वर्षांचा होता त्याने आज सत्तरी ओलांडली आहे. तो ट्रामविषयी गहिवरून बोलतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे खिडकीशी बसलेला दहा वर्षांचा मुलगा असतो, व शेजारी त्याचा बाप असतो. ट्राम उद्या पुन्हा सुरू केली तरी ते दोघे काही तीत बसावयाचे नाहीत.

परंतु गिरणगावच्या वृद्धाची गोष्ट एवढ्याने संपत नाही. इतरत्र माणूस म्हातारा होतो, पण त्याचे गाव बहुधा जागेवर राहते. येथे गावच उठले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लक्ष गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे असा कधी घेतला गेलाच नाही. गिरण्या मात्र एकामागून एक बंद पडत गेल्या. ज्या भोंग्यावर परळ-लालबाग उठत व निजत असे तो भोंगा मुका झाला, आणि लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या आवारात श्रीमंतांची बाजारपेठ उभी राहिली. त्या वेळी जो पंचविशीत होता तो आज सत्तरीच्या घरात आहे. त्याच्या हातातील कसब, त्याची पाळी, त्याचे सोबती व त्याचा मान ही वार्धक्याने नेली नाहीत. ती भर तारुण्यात हिरावली गेली. असा मनुष्य जुन्या काळाविषयी बोलू लागला असता ‘म्हाताऱ्याचा नाद’ म्हणून त्यास उडवून लावणे म्हणजे, चोरीची फिर्याद घेऊन आलेल्या माणसास “तुम्हास जुन्या वस्तूंचा फार लोभ दिसतो” असे म्हणण्यासारखे आहे.

म्हणजे साक्षीदार प्रामाणिक आहे. पण कोर्टाची पायरी ज्यांनी चढली आहे ते जाणतात की, प्रामाणिक साक्षीदारासही सर्व सत्य ठाऊक असते असे नाही. त्याने जे पाहिले तेवढे तो सांगतो. पाठीमागे काय घडले ते त्यास माहीत नसते. म्हणून त्याची उलटतपासणी करावी लागते, आणि तीत त्याचा अपमान मुळीच नाही.

पहिला प्रश्न भाड्याचा. “खोलीला भाडे ते किती!” असे कौतुकाने सांगितले जाते. ही स्वस्ताई कोठून आली? १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हे प्रमाण धरले. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूस आधार देण्यासाठी तो कायदा अवश्य होता. पण भाडे गोठले तशी घरमालकाची दुरुस्तीही गोठली, आणि अखेर १९६९ साली जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी निराळा कायदा करून मंडळ नेमावे लागले. पहिल्या तारखेस जे वाचले ते गळक्या छपराने व टेकू दिलेल्या सज्ज्याने पुढे वसूल करून घेतले.

दुसरा प्रश्न भावांचा. “इंग्रजांच्या वेळी स्वस्ताई होती,” असे म्हणणारे वृद्ध स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षे घरोघर भेटत असत. त्या स्वस्ताईत हातात किती पडत होते, हे ते सांगत नसत. मुंबईत धान्याचे रेशनिंग १९४३ साली, इंग्रजी अमलातच, सुरू झाले, व त्याच साली बंगाल्यात लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. परवशतेचा काळही ज्याच्या तारुण्याचा काळ होता त्यास गोड लागतो! यावरून तारुण्याची गोडी केवढी जबर आहे हे सिद्ध होते. परवशतेची गोडी सिद्ध होत नाही.

तिसरा प्रश्न गिरणीतील बंधुभावाचा. तो बंधुभाव होता हे आम्ही मान्य करितो. पण तो सर्वांच्या वाट्यास सारखा आला होता काय? विणकाम खात्यात मजुरी अधिक मिळे, आणि तेथे तुटलेला धागा तोंडाने ओढून धोट्यात ओवावा लागे. एवढ्या कारणावरून स्पृश्य म्हणविणाऱ्या कामगारांनी आपल्या अस्पृश्य मानलेल्या बांधवांस त्या खात्यापासून दूर ठेविले. परळच्या बी. आय. टी. चाळीत अनेक वर्षे राहिलेल्या डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न उघडपणे पुढे केला. त्या कामगारांच्या नातवास “जुने ते सोने” असे सांगताना आपली जीभ अडखळली पाहिजे.

आणखी एक साक्षीदार असा आहे की, त्यास पिंजऱ्यात कोणी बोलावीतच नाही. तो म्हणजे घरातील स्त्री. गॅलरीतील गप्पा पुरुषांस आठवतात. पहाटे नळावर लावलेली रांग व रात्री-बेरात्री सामाईक शौचकूपापर्यंत जाण्याचा संकोच तिला आठवतो. गिरणगावातील एकट्या राहणाऱ्या कामगारांस खानावळीचे ‘घरचे जेवण’ अजून आठवते. ते जेवण एका खोलीत, चुलीच्या धुरात, पंधरा-वीस माणसांपुरते रांधणाऱ्या बाईस सावकाराच्या व्याजातून मान वर काढता येत नव्हती. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून अशा बायकांस बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा कोठे त्यांचा श्वास मोकळा झाला. त्यांस विचारा की जुने दिवस परत हवेत काय!

इतकी तपासणी झाल्यावर साक्षीतील काय उरते? आमच्या मते पुष्कळ उरते. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव चालत आला तो शेजारामुळे. एका खोलीत मयत झाली तर शेजारच्या खोलीतून पिठले-भाकरी येई. आजारी माणसाच्या उशाशी बसावयास माणूस शोधावा लागत नसे. मूल शाळेतून आले व आई घरी नसली तर ते उपाशी राहत नसे. उलटतपासणीत स्वस्ताई टिकत नाही, समता टिकत नाही, सोय तर नाहीच नाही. परंतु सोबत टिकते. उंबरठ्याशी बसलेल्या वृद्धास १६० फुटांची खोली नको आहे. दार उघडल्याबरोबर दिसणारे माणूस हवे आहे. जुन्या काळाची स्तुती करताना तो वास्तविक आजच्या एकटेपणाची फिर्याद देत असतो. ती फिर्याद आपण इतिहास म्हणून ऐकतो व तीत चुका काढतो. ती अर्ज म्हणून ऐकली पाहिजे.

एतदर्थ आमच्या सूचना तीन. पहिली, जे नव्या इमारती बांधतात व मंजूर करतात त्यांस. सोडत काढताना जुने शेजारी शक्यतो एकाच मजल्यावर येतील असे पाहावे, आणि प्रत्येक मजल्यावर चार खुर्च्या मावतील अशी सामाईक, उजेडाची जागा ठेवावी. न्हाणीघर घरात आले म्हणून शेजार घराबाहेर जावा, असा काही नियम नाही. वीस मजल्यांच्या इमारतीत उद्वाहकापुढची चिंचोळी वाट एवढाच जर शेजार उरला, तर त्या पोराने सही घेताना बापास दिलेले वचन खोटे ठरेल.

दुसरी सूचना तरुणांस. वृद्धांची साक्ष ते आहेत तोवर नोंदवून घ्या. नीरा आडारकर व मीना मेनन यांनी गिरणगावच्या कामगारांच्या तोंडचा इतिहास २००४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. प्रत्येक वाडीत व प्रत्येक चाळीत तसे लहानसे काम होण्याजोगे आहे. ऐकणारा भेटला व तो प्रश्न विचारू लागला म्हणजे सांगणाराही नावेची बाजू आपण होऊन सांगू लागतो.

तिसरी सूचना, सर्वांत नाजूक, वृद्धांसच आहे. आपण आठवणी अवश्य सांगाव्या, पण पुऱ्या सांगाव्या. रमाबाई रानडे यांनी १९१० साली आपल्या आयुष्यातील आठवणी प्रसिद्ध केल्या. पतीवरील अपार भक्तीने त्या भरल्या आहेत. तरी शिकण्याची इच्छा धरली म्हणून घरच्याच बायकांनी केलेला छळ त्यांनी झाकून ठेविला नाही. म्हणूनच त्या आठवणी पुढील मुलींच्या उपयोगी पडल्या. जो आजोबा नातीस चाळीतील दिवाळीबरोबर नळावरची रांगही सांगतो, त्याचे बोलणे नात उठून न जाता ऐकेल. जो केवळ सोनेच सांगतो त्याच्या सांगण्याचा उपयोग ती नात नव्हे, तर तिला पुन्हा मागे ढकलू पाहणारे लोक करून घेतील. आणि सुवर्णकाळाचे आमिष दाखवून मते मागणारे या देशात कधी कमी पडले नाहीत.

तेव्हा त्या बापास आमचे उत्तर असे: सही जरूर करा; परंतु सही करण्यापूर्वी शेजारी कोण राहणार, मजल्यावर बसावयास जागा कोठे असणार, हे लेखी मागून घ्या. आणि मुलास आमचे सांगणे असे की, बापाने हे विचारले तर त्यास अडाणी समजू नका. इमारतीच्या नकाशात जे कोणास आठवले नाही, ते त्यास आठवले आहे.