अनुभव हवाच, पण तो तपासायचा कोणी?



औषध दुकानातल्या मदतनिसांना कौशल्यांची मानके नकोत, काउंटरवरचा अनुभव पुरे, हे गेल्या अंकातल्या पत्रलेखकाचे म्हणणे मला मुळीच मान्य नाही.

मेथोट्रेक्सेटचेच घ्या. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली, तर रक्तपेशी घटून जीवही जाऊ शकतो. गिऱ्हाइकाला हे बजावायचे असते, ही गोष्ट नुसत्या सरावाने कळत नाही. ते शिकवावे लागते, आणि शिकले का तेही पाहावे लागते.

१९४८ च्या फार्मसी कायद्याच्या कलम ४२ नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे. पण आमच्या इन्नंबूरचा माणूस कुंभकोणमला औषधाला जातो, तेव्हा गोळ्यांची पट्टी पुष्कळदा मदतनीसच हातात ठेवतो. पॅसिफिकमधल्या छोट्या बेटांवरही अशीच अडचण: फार्मासिस्ट मोजकेच. लहान आरोग्यकेंद्रांत औषधे परिचारिका सांभाळतात. म्हणूनच तिथे कोणत्या पातळीवरच्या माणसाला काय यायला हवे, हे ठरवण्याचे काम झाले.

आपल्याकडेही ठरवा: सारख्या नावांची औषधे वेगळी ओळखणे, इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवणे, एच-१ या यादीतल्या औषधांची नोंदवही भरणे. आणि कुठे थांबून फार्मासिस्टला हाक मारायची, हे तर सर्वांत आधी.

गरीब मुलांची नोकरी जाईल ही पत्रलेखकाची भीती खरी आहे. म्हणून शिक्षण इथे तमिळमधून, कामावर असतानाच द्यावे, आणि त्याचा खर्च दुकानमालकाने सोसावा.

– एक वाचक, इन्नंबूर (कुंभकोणम)