मूळ चाकांवर स्पेसर : शिक्का हवा, सरसकट बंदी नको

कारखान्यातून आलेले चाक आणि हब यांच्यामध्ये धातूची चकती घालून चाक बाहेर काढणे, याला स्पेसर लावणे म्हणतात. चकती बहुधा अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते. ३ मिलिमीटरपासून २५ मिलिमीटरपर्यंत आणि त्याहूनही जाड चकत्या बाजारात मिळतात. स्पोर्ट्स कारच्या मालकाला टायर मडगार्डच्या कडेला भिडलेला दिसायला हवा असतो, आणि रुंद अलॉयचा नवा संच घेण्यापेक्षा चार चकत्या पुष्कळ स्वस्त पडतात. मागणीचे कारण एवढेच. त्यावर एक पक्ष स्पेसर म्हणजे अपघाताला निमंत्रण असे सांगतो, दुसरा ती निव्वळ शोभेची वस्तू मानतो. दोन्ही पक्ष मोजमाप करण्याचे टाळतात.

आमच्या झरी जामणी तालुक्यात स्पोर्ट्स कार क्वचितच दिसेल, पण दोन चाकांमधले अंतर बदलणे येथील शेतकऱ्याला अपरिचित नाही. पऱ्हाटीच्या ओळींमधून ट्रॅक्टरने डवरणी करायची तर चाके ओळींच्या मापात बसावी लागतात. त्यासाठी मागच्या चाकाची तबकडी उलटी फिरवून बसवण्याची सोय अनेक ट्रॅक्टरांत कंपनीनेच दिलेली असते. आस आणि बेअरिंग त्या वाढीव रुंदीचा भार धरूनच बनवलेले असतात, आणि शेतातला वेगही बेताचा असतो. मोटारीच्या बाबतीत कंपनीने एकच माप धरलेले असते.

त्या मापाला ऑफसेट म्हणतात. चाकाच्या रुंदीचा मध्य आणि चाकाचा हबला टेकणारा पृष्ठभाग, यांमधले ते अंतर. ४५ ऑफसेटच्या चाकामागे १५ मिलिमीटरची चकती घातली की ऑफसेट ३० उरतो आणि दोन्ही बाजू मिळून गाडीचा ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर, ३० मिलिमीटरने वाढतो. ट्रॅक वाढला की गाडी वळणावर घट्ट बसते, असे विकणारे सांगतात. ते खोटे नाही. किती, हे मात्र कोणी सांगत नाही. १,५०० किलोची गाडी, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर वर, ट्रॅक १.५५ मीटर, आणि वळणावरचा जोर ०.८ जी, असे धरले तर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सुमारे ३८७ किलो भार सरकतो. ट्रॅक १.५८ मीटर केल्यावर तो ३८० किलो होतो. दोन टक्क्यांचा हा फरक शर्यतीत सेकंदाच्या अंशासाठी झगडणाऱ्याला मोलाचा वाटेल, पांढरकवड्याहून नागपूरला निघालेल्याला तो जाणवणारही नाही. स्पेसर दिसण्यासाठी लावला जातो हे मान्य करून टाकलेले बरे. हौसेला कारण लागत नाही.

उलट बाजूची अतिशयोक्ती बेअरिंगबद्दल होते. चाकावर ४०० किलो भार असेल तर १५ मिलिमीटरच्या चकतीने बेअरिंगवर सुमारे ६० न्यूटन-मीटर आघूर्ण वाढते. त्याच चाकाच्या टायरवर जोरदार वळणात ३०० किलोएवढा आडवा जोर आला आणि चाकाची त्रिज्या ३२ सेंटिमीटर असली, तर एकट्या वळणाचे आघूर्ण ९०० न्यूटन-मीटरच्या वर जाते. ते सोसणारे बेअरिंग या साठांनी लगेच मोडत नाही. मात्र हा हिशेब गुळगुळीत डांबराचा आहे. सिमेंट, चुनखडी आणि कोळशाच्या ट्रकांनी मुकुटबन-वणी पट्ट्यातल्या रस्त्यांवर पाडलेल्या खड्ड्यांत चाक आदळते तेव्हा ४०० किलोंचा भार क्षणभर कित्येक पट होतो, आणि चकतीने वाढवलेला वाटाही तितक्याच पटीने वाढतो. शिवाय पुढचे चाक ज्या आसाभोवती वळते तो आस जमिनीला जिथे भेटतो, त्या बिंदूपासून टायरचा मध्य आणखी बाहेर जातो. एक चाक खड्ड्यात गेले किंवा एकाच बाजूला ओल्या मातीवर ब्रेक लागला की स्टिअरिंग हातातून ओढ घेते. कंपनीने स्क्रब रेडियस नावाचे हे अंतर मुद्दाम थोडे आतल्या बाजूला, म्हणजे ऋण ठेवलेले असेल, तर चकती ते धन करून टाकू शकते, आणि ब्रेक असमान लागले तरी गाडी सरळ ठेवण्याची जी व्यवस्था होती ती उलटी काम करू लागते.

खरा धोका यांतल्या कशातही नाही. तो बोल्टाच्या आट्यांत आहे, आणि वादात त्याचेच नाव सर्वांत कमी निघते. चाक बोल्टांवर टांगलेले असते ही समजूत चुकीची आहे. बोल्ट चाकाला हबवर दाबून धरतात आणि दाबलेल्या दोन पृष्ठभागांमधले घर्षण गाडीचा भार वाहते. दाब टिकायचा तर आटे पुरेसे गुंतलेले हवेत. निदान बोल्टाच्या जाडीइतके तरी. १२ मिलिमीटरच्या, दीड मिलिमीटर अंतराच्या आट्यांच्या बोल्टाला किमान आठ पूर्ण फेरे लागतात. मूळ बोल्ट तसाच ठेवून मध्ये ५ मिलिमीटरची चकती घातली तर तीनहून अधिक फेरे कमी होतात. कंपनीने दहा दिले असतील तर सात उरत नाहीत. नट कसला जातो, पान्ह्याला घट्ट लागतो, गाडी दुकानाबाहेर पडते. फसगत होते ती इथेच, कारण घट्ट लागणे आणि पुरेसे गुंतणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जर्मन गाड्यांत हबमध्ये जाणारे बोल्ट असतात, म्हणून तिथे चकतीच्या जाडीएवढे लांब बोल्ट घ्यावे लागतात. जपानी आणि भारतीय गाड्यांत बहुधा हबलाच स्टड असतात, तिथे स्टड बदलावे लागतात किंवा स्वतःचे स्टड असलेली जाड चकती बसवावी लागते. बोल्टाच्या डोक्याची बैठकही जुळायला हवी. शंकूच्या बैठकीच्या चाकात गोल बैठकीचा बोल्ट कसला तर तो कडेवर टेकतो आणि सैल होऊ शकतो.

हबच्या मधोमध उठलेली कड चाकाला केंद्रात धरते. पातळ चकती ती कड झाकून टाकते आणि चकतीला स्वतःची कड नसेल, तर चाक केसभर सरकून बसते. मग ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरते आणि मालक पुन्हा पुन्हा बॅलन्सिंग करून पैसे घालवतो.

नीट केलेला स्पेसर असू शकतो याचा पुरावा कंपन्यांनीच दिला आहे. पोर्शेने ९११ च्या काही पिढ्यांसाठी ५ मिलिमीटरचे स्पेसर लांब बोल्टांसह स्वतःच्या अधिकृत साहित्यात विकले. जर्मनीत इतर उत्पादकांच्या स्पेसरला तपासणी संस्थेचा अहवाल लागतो. कोणत्या गाडीला, कोणत्या चाकासह, किती जाडीपर्यंत, हे त्यात लिहिलेले असते.

भारतात हा प्रश्न कायद्याच्या धूसर पट्ट्यात आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र प्रकरणात हे कलम कडकपणे लावले. पण याच कलमाचे स्पष्टीकरण फेरफार म्हणजे गाडीच्या मूलभूत वैशिष्ट्यात बदल घडवणारा रचनेतला बदल असे सांगते. चाकाचा ऑफसेट तर नोंदणी प्रमाणपत्रावर लिहिलेलाच नसतो. दुसरीकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतरचे कलम १८२-अ परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफारासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही ठेवते. म्हणजे लांब बोल्ट, जुळणारी कड आणि टॉर्क रेंच यांसह चकती बसवणारा आणि वॉशरसारखी चकती सरकवून पान्ह्यावर पाय देणारा, दोघे अधिकाऱ्याच्या मर्जीवर सारखेच सुटतात किंवा सारखेच सापडतात. अशा स्थितीत चांगल्या मालासाठी जास्त पैसे मोजण्याचे कोणाला कारण उरत नाही.

मिश्रधातूच्या चाकांसाठी देशात एआयएस-०७३ हे मानक आहे. चाक वाकवून, भाराखाली फिरवून आणि त्यावर आघात करून त्याची परीक्षा होते, आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांकडे त्यासाठीची यंत्रसामग्री आहे. तीच परीक्षा चाक आणि चकती एकत्र बसवून घेता येते. उत्तीर्ण चकतीवर गाडीचे नाव, जाडी आणि बोल्टाची लांबी कोरावी. बोल्टाशिवाय चकती विकण्यास मनाई करावी. बसवल्याची नोंद यवतमाळच्या परिवहन कार्यालयात शुल्क भरून प्रमाणपत्रावर व्हावी. शिक्का नसलेल्या चकतीला मग पाच हजारांचा दंड लावण्यात कोणाचीही तक्रार राहणार नाही.

तोवर ज्यांच्या गाडीला स्पेसर आहेत त्यांनी बोल्टाचे फेरे हाताने मोजावेत. गुंतलेले आटे बोल्टाच्या जाडीपेक्षा कमी भरले (१२ मिलिमीटरच्या, दीड मिलिमीटर अंतराच्या आट्यांच्या बोल्टाला आठ फेरे), तर चकती काढावी. पुरेसे भरले, तरी पहिल्या शंभर किलोमीटरच्या आत कंपनीने सांगितलेल्या टॉर्कने पुन्हा कसावे, कारण एका सांध्याच्या जागी आता दोन सांधे आहेत आणि दोन्ही थोडे बसतात. पावसाळ्यानंतर चाके उतरवून हबवरचा गंज आणि वाळलेली काळी माती खरवडावी. त्या थरावर कसलेले चाक थर झिजला की सैल होते.

— एक वाचक, झरी जामणी (जि. यवतमाळ)