बाळंतपणाची सोबतीण सातव्या महिन्यातच ठरवा

घरात कोणी गरोदर असली की तिच्या खाण्यापिण्याची चर्चा होते. दवाखाना कोणता, डॉक्टर कोण, पहिले बाळंतपण माहेरी की सासरी, याचीही होते. डोहाळजेवणाची तयारी तर आठवडाभर चालते. पण कळा सुरू झाल्यावर तिच्या उशाशी कोण बसणार, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. मग ऐन वेळी लेबर रूमचे दार लागते. सगळे नातेवाईक बाहेरच्या बाकावर आणि ती आत एकटी!

पूर्वी घरी बाळंतपण होई तेव्हा सुईण असे, घरातल्या चार अनुभवी बायका असत. अर्थात त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. अतिरक्तस्रावाने आणि जंतुसंसर्गाने कितीतरी बायका दगावत. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली, त्यानंतर रुग्णालयातील बाळंतपणे वाढली. हे चांगलेच झाले. मात्र या बदलात पाठीवर फिरणारा मायेचा हात दाराबाहेर राहिला. तो परत आत आणला पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

पाश्चात्त्य देशांत हे काम करणाऱ्या बाईला ‘डूला’ म्हणतात. शब्द मूळचा ग्रीक, अर्थ सेवा करणारी स्त्री. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ डाना राफेल यांनी १९७३ साली आपल्या पुस्तकात तो वापरला. डूला ही डॉक्टर नव्हे, नर्स नव्हे आणि सुईणही नव्हे. ती तपासत नाही, औषध देत नाही, बाळंतपण करीत नाही. ती फक्त सोबत करते.

नुसत्या सोबतीने काय होणार, असे कोणी म्हणेल. क्लाउस, केनेल आणि सोसा या डॉक्टरांनी ग्वाटेमालात केलेला अभ्यास १९८० साली प्रसिद्ध झाला. कळा देणाऱ्या काही बायकांजवळ एकेक साधी, वैद्यकीय शिक्षण नसलेली बाई बसवली होती. ज्यांच्या बाळंतपणात गुंतागुंत झाली नाही, त्यांच्यापैकी सोबत असलेल्या बायका दाखल झाल्यापासून निम्म्याहून कमी वेळात मोकळ्या झाल्या. पुढे २०१७ साली १७ देशांतील २६ अभ्यास, म्हणजे १५ हजारांहून अधिक बायकांची माहिती, एकत्र तपासली गेली. सतत सोबत मिळालेल्यांत नैसर्गिक बाळंतपणे अधिक, सिझेरियन कमी आणि वेदनाशामक औषधांची गरजही कमी, असे दिसले. मन घाबरले की शरीर आखडते आणि कळा सोसणे अवघड जाते, हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होते.

सरकारनेही हे मान्य केले आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ सालीच सरकारी रुग्णालयांत बाळंतपणाच्या वेळी सोबतीण ठेवण्यास मान्यता दिली. ती शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली असावी, तिला संसर्गजन्य आजार नसावा, तिचे कपडे स्वच्छ असावेत, कर्मचाऱ्यांच्या कामात तिने ढवळाढवळ करू नये, अशा साध्या अटी आहेत. जिथे पडदे वगैरे आडोशाची नीट सोय आहे, तिथे नवऱ्यालाही सोबत राहता येते. तरी पुष्कळ ठिकाणी दार बंदच असते. एका सिस्टरवर तीन-चार बायकांचा भार आणि त्यात नातेवाइकांची गर्दी, ही त्यांची अडचण खोटी नाही. पण गर्दी वेगळी आणि एक शहाणी सोबतीण वेगळी. ती सिस्टरचे काम हलकेच करील.

मात्र सोबतीण आयत्या वेळी उभी करून भागत नाही. तिचे काम गरोदरपणातच सुरू होते. सातव्या महिन्यापासून तिने तपासणीला बरोबर जावे. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न घरीच कागदावर लिहून न्यावेत, कारण टेबलासमोर बसल्यावर निम्मे विसरतात. रक्तदाब, हिमोग्लोबिन, सोनोग्राफी यांचे कागद एका पिशवीत ठेवावेत. सासरी तपासण्या आणि माहेरी बाळंतपण असेल तर ही पिशवी फारच मोलाची. लोहाच्या गोळ्या चालू आहेत ना, हे पाहावे. रात्री-अपरात्री गाडी कोणाची, याची सोय लावावी. १०८ क्रमांक घरात सर्वांना ठाऊक हवा. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, हातापायांवर व तोंडावर सूज, झटके, बाळाची हालचाल मंदावणे, यांतले काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे, हे तिला पाठ असावे. आणि रोज थोडा वेळ नुसते ऐकून घ्यावे. पहिलटकरणीच्या मनातली भीती बोलल्यानेच निम्मी होते.

मुंबई-पुण्यात मोबदला घेऊन हे काम करणाऱ्या प्रशिक्षित डूला आहेत. आपल्या तालुक्याच्या गावात बहीण, मावशी, जाऊ किंवा शेजारीण हे काम करू शकते. आशाताई माहिती द्यायला मदत करतील. पण निवड कोणाची? इथेच घराघरांत घोटाळा होतो. वयाने मोठी म्हणून, मानाची म्हणून एखादीला पुढे केले जाते आणि ती आत जाऊन “आम्ही नाही का सोसल्या कळा?” असे सुनावते. अशी सोबत नसलेली बरी. सोबतीण मानाने नव्हे, मनाने निवडायची असते आणि ती निवड बाळंत होणारीनेच करायची असते. सासूबाई तिला हव्या असतील तर उत्तमच. नसतील तर त्यांनी तो अपमान मानू नये.

तेव्हा घरात कोणी गरोदर असेल तर आजच तिला विचारा, “तुला जवळ कोण हवे?” आणि पुढच्या तपासणीला त्या बाईला घेऊन जाऊन डॉक्टरांना स्पष्ट विचारा, “ही आत थांबली तर चालेल ना?” हा प्रश्न दहा घरांनी विचारला तर दार किलकिले होईल. शंभर घरांनी विचारला तर ते उघडेल.