पनाहींची टॅक्सी

जाफर पनाहींचा 'टॅक्सी' मी घरातल्या एका वडीलधाऱ्यांना दाखवला. संपल्यावर ते म्हणाले, "आपल्याच लोकांची बदनामी कशाला करायची?" मला ते पटलं नाही.

२०१० साली इराणच्या न्यायालयाने पनाहींना सहा वर्षांची कैद सुनावली आणि चित्रपट काढायला वीस वर्षांची बंदी घातली. तरी या चित्रपटात ते तेहरानच्या रस्त्यांवर स्वतः टॅक्सी चालवतात. कॅमेरे गाडीतच बसवलेले. वाटेत त्यांची लहान भाची बसते. तिला शाळेसाठी छोटी फिल्म करायची आहे आणि बाईंनी नियम दिलेत : बाई-पुरुषाचा स्पर्श नको, सज्जन माणसाच्या गळ्यात टाय नको, त्याचं नाव पवित्र हवं, आणि कुरूप वास्तव दाखवायचं नाही.

एवढ्यात कचरा वेचणारा एक मुलगा नवरदेवाचे पडलेले पैसे उचलतो. भाची त्याला बोलावून सांगते, परत दे, नाहीतर माझी फिल्म दाखवता येणार नाही!

पैसे परत करणारा मुलगा पडद्यावर चालतो. तो कचरा का वेचतो, हे विचारलेलं चालत नाही. यात इस्लामची राखण कुठे झाली? झाली ती सरकारची.

२०१५ मध्ये बर्लिनला याच चित्रपटाला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. पनाहींना देश सोडायला मनाई होती. पुरस्कार घ्यायला मंचावर ती भाचीच गेली, आणि तिला रडू आवरेना.